३.३ व्होल्टचा कंट्रोलर, ५ व्होल्टचा बोर्ड : मधला हमाल ओळखा

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, कळंब येथील रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या कारागीर बांधवांना आता एलईडी बोर्डाचीही कामे येतात. दुकानाची पाटी असते, मशिदीत नमाजच्या वेळा दाखवणारा बोर्ड असतो. या कामात एक दोष फार सतावतो. दुकानात बोर्ड नीट चालतो आणि जागेवर बसवला की आकडे थरथरतात. कारागीर पॅनेल बदलतो, पॉवर सप्लाय बदलतो, पदरचे पैसे घालतो, तरी दोष जात नाही. त्याचे एक नेहमीचे कारण आज आपण पाहू.

ईएसपी-३२ सारखे आजचे कंट्रोलर ३.३ व्होल्टचा इशारा देतात. पी-१० पॅनेल ५ व्होल्टवर चालते आणि त्याच्या तोंडाशी बहुधा ७४एचसी२४५ ही आयसी असते. एचसी जातीची आयसी ५ व्होल्टवर असताना इशारा 'चालू' मानण्यासाठी सुमारे ३.५ व्होल्ट मागते. कंट्रोलर देतो ३.३ व्होल्ट, म्हणजे माप कमी पडले! टेबलावर आखूड वायरीत निभावते, पण लांब वायर आणि शेजारची मोटर आली की आकडे बिघडतात.

यावर उपाय बफर आयसीचा. आडतीत मुनीम चिठ्ठी लिहितो, पोते हमाल उचलतो. कंट्रोलर हा मुनीम आणि बफर हा हमाल होय. तो इशारा बदलत नाही, फक्त जोर देऊन पुढे पोचवतो. एका आयसीत असे आठ मार्ग असतात.

येथे ७४एचसीटी२४५ घ्यावी. ५ व्होल्टवर चालूनही ती २ व्होल्टलाच 'चालू' मानते. फरक फक्त 'टी' या अक्षराचा आहे, पण सारे काम त्यावरच अवलंबून आहे. उलट, ५ व्होल्टचा इशारा ३.३ व्होल्टच्या कंट्रोलरला द्यायचा असेल तर ७४एलव्हीसी२४४ए ही आयसी ३.३ व्होल्टवर लावावी. तिचे इनपुट ५ व्होल्ट सहन करते. थेट जोडल्यास कंट्रोलर जळू शकतो.

७४एचसीटी२४५ ची जोडणी अशी :

१) पिन २० ला ५ व्होल्ट, पिन १० ला ग्राउंड. दोहोंच्या मध्ये, आयसीला अगदी लागून, १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर.
२) पिन १ ला ५ व्होल्ट, पिन १९ ला ग्राउंड. मग पिन २ ते ९ इनपुट होतात आणि ११ ते १८ आउटपुट.
३) न वापरलेली इनपुट उघडी ठेवू नयेत, ग्राउंडला जोडावीत.
४) कंट्रोलर, बफर आणि पॅनेल यांचे ग्राउंड एकच असावे.

मात्र बफर म्हणजे जादू नव्हे. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत इशारा न्यायचा असेल तर आरएस-४८५ ची पद्धतच वापरावी.

एचसी आणि एचसीटी दिसायला सारख्याच असतात. म्हणून खरेदी करताना आयसीवरील अक्षरे वाचून घ्यावीत. विकणाऱ्या बांधवांनीही 'हीसुद्धा चालते' म्हणून दुसरीच हाती देऊ नये. माप पूर्ण द्यावे, ही कुरआनची शिकवण व्होल्टच्या मापालाही लागू आहे. रमजानमध्ये बोर्डावरचा आकडा पाहून लोक इफ्तार करतात. तो आकडा चुकला तर रोजेदाराचा रोजा धोक्यात येतो आणि कारागिराची पतही जाते. दोन्ही राखणे थोड्या खर्चाच्या एका आयसीने आपल्या हाती आहे. अल्लाह आपल्या हलाल रोजीत बरकत देवो.