बंद पाकिटाचा सौदा

कोकणातील मुस्लिम घरांचे नातेसंबंध आता महाड-पोलादपूरच्या बाजारापासून आखातापर्यंत आणि त्याही पुढे कॅनडापर्यंत पसरले आहेत. मुलांचे छंदही देशोदेशी सारखेच झाले आहेत. इकडचे मूल क्रिकेटपटूंच्या किंवा पोकेमॉनच्या कार्डांचे बंद पाकीट मागते, तर तिकडचे त्याचे चुलत भावंड बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंच्या कार्डांची अख्खी पेटी मागते. दरवर्षी नवी मालिका निघते, पण आत कोणती कार्डे आहेत हे पैसे देऊन पाकीट फाडल्यावरच कळते. या पेटीला तिची किंमत मोजावी का? या प्रश्नाला हिशेबाचे उत्तर आहे आणि शरीअतचेही.

आधी हिशेब पाहू. समजा, 50 रुपयांची 100 पाकिटे आहेत, म्हणजे एकूण 5,000 रुपये. एका पाकिटातील कार्ड 1,000 रुपयांना विकले जाते आणि उरलेल्या 99 पाकिटांतील माल प्रत्येकी 10 रुपयांचा आहे. सगळे मिळून 1,990 रुपये झाले. बाकीचे 3,010 रुपये आशेची किंमत म्हणून गेले. पाकिटातील माल सरासरीने किमतीपेक्षा मौल्यवान असता, तर दुकानदाराने ती पाकिटे स्वतःच फोडली नसती का?

2021 साली हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की याचे 1979 चे एक कार्ड 37.5 लाख डॉलरना विकले गेले. ही बातमी जगभर गेली. मात्र 1990 च्या सुमारास कार्डे अतोनात छापली गेली आणि ती जपून ठेवणाऱ्यांच्या हाती आज फारसे मोल उरलेले नाही, याची बातमी कोणी करत नाही.

आता शरीअतकडे वळू. आदरणीय अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार पैगंबरांनी (स.) ‘गरर’ असलेल्या, म्हणजे ज्यात वस्तू किंवा तिचे स्वरूप अनिश्चित आहे अशा विक्रीस मनाई केली. झाडावरचे फळ तयार होण्याची चिन्हे दिसण्यापूर्वी विकण्यासही त्यांनी मनाई केली. फळ हाती आलेच नाही, तर विकणारा आपल्या भावाचा पैसा कशाच्या बदल्यात घेणार? मोहोरावरच आंब्याचा सौदा होताना पाहणाऱ्या कोकणी माणसाला यामागचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

येथे कोणी विचारील, मग नारळ कसा चालतो? त्याचेही आत दिसत नाही. फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, याचा विचार केला आहे. कवचातील फळाबाबतची किरकोळ अनिश्चितता टाळता येत नाही, म्हणून ती क्षम्य मानली जाते. करवंटी अल्लाहने निर्माण केली आहे. पाकिटावरचा वेष्टनकागद मात्र माल दिसू नये म्हणूनच चढवलेला असतो. नारळ कुजका निघाला तर आपण तो परत नेतो. सामान्य कार्ड निघाले तर तक्रार करता येत नाही, कारण ती निराशा सौद्यातच धरलेली असते.

याच्या पुढची पायरी ‘मैसिर’ची, म्हणजे जुगाराची. सूरह अल-माइदाच्या आयती 90 व 91 मध्ये जुगाराला सैतानी कृत्य म्हटले आहे आणि तो आपसांत वैर पेरतो व अल्लाहच्या स्मरणापासून आणि नमाजपासून रोखतो, असे कारणही दिले आहे. कार्डांच्या पाकिटाला नेमका कोणता हुकूम लागतो, याबाबत आजच्या विद्वानांची मते एकसारखी नाहीत. आतील प्रत्येक कार्ड खेळण्यासाठी हवे असेल आणि त्याला किंमत योग्य असेल, तर गोष्ट निराळी. परंतु नऊ कार्डे बाजूला टाकून दहाव्यासाठी पुन्हा पैसे मागणारे मूल कार्ड विकत घेत नसून संधी विकत घेत आहे. ही सवय पाकिटावर थांबत नाही. मोबाइलवरील पैशांच्या खेळापर्यंत तीच वाट जाते.

विक्रेत्यांनीही सावध असावे. विशेष कार्ड जाड असते, म्हणून काही ठिकाणी पाकिटे तोलून जड पाकिटे काढून घेतली जातात आणि हलकी ग्राहकाला विकली जातात. पैगंबरांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. जुलै 2021 च्या महापुरात बुडालेल्या महाडच्या बाजारपेठेला भिजलेल्या मालाचा अर्थ पुरता ठाऊक आहे. निवडून उरलेले पाकीट न निवडलेले म्हणून विकणे हे ओले धान्य कोरड्याखाली दडवण्यासारखेच आहे.

मग मुलाला केवळ ‘नाही’ म्हणावे काय? तसे नको. त्याला आवडणारे एक कार्ड समोर पाहून, भाव विचारून घेऊन द्या. दोघांनी पाहून राजीखुशीने केलेली अदलाबदलही सरळ व्यवहार आहे. वरचा 100 पाकिटांचा हिशेब त्याच्याच हाताने वहीत मांडून घ्या. परदेशातून भेट पाठवणाऱ्या काका-मामांनाही हेच सांगा.

मुलाचा पहिला सौदा किराणा दुकानाच्या फळीपाशीच होतो. काय घेतले आणि त्यासाठी किती दिले, हे तेथे डोळे उघडे ठेवून पाहायला तो शिकला, तर पुढे जमिनीचा किंवा भागीदारीचा व्यवहारही तो तसाच करील. अल्लाह आपल्या मुलांच्या कमाईत आणि खर्चात बरकत देवो. आमीन.