संगणकाची रोजकीर्द : चालू लॉगवर नजर कशी ठेवावी

व्यापारी व कारागीर बांधवांनो, आपल्या गादीवर जशी रोजकीर्द असते तशी संगणकाच्या पोटातही एक असते. तिला लॉग म्हणतात. बिलाचा किंवा ऑर्डरीचा प्रोग्राम आपल्या प्रत्येक कामाची एक ओळ, तारीख-वेळ घालून, या फाइलच्या शेवटी लिहीत जातो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा व त्यास साक्षीदार करावेत, असा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. लॉग हाही आमच्या मते एक साक्षीदारच, मात्र त्याला वेळेवर विचारले पाहिजे.

वेळेवर का, ते पाहा. अचलपूर-परतवाड्याच्या ठोक कापडवाल्यांकडे अंजनगाव, चांदूर बाजार, पार धारणीपर्यंतच्या ऑर्डरी येतात. ईदच्या गर्दीत ऑर्डर नोंदली जाते, पण पैसे जमा झाल्याचा निरोप परत येत नाही. लॉगमध्ये "फेल" अशी ओळ त्याच क्षणी पडलेली असते. ती रात्री मेळ घालताना सापडली तर गाडी तोवर सेमाडोहचा घाट ओलांडून गेलेली असते. मग पैशापेक्षा संबंधाचे नुकसान मोठे.

आता कृती. फाइल नुसती उघडली तर त्या घडीपर्यंतचाच मजकूर दिसतो. लिनक्सवर "टेल" हा हुकूम फाइलचे शेपूट दाखवतो, म्हणजे शेवटच्या 10 ओळी. त्याला लहान लिपीतला एफ जोडला की नवी ओळ पडेल तशी पडद्यावर येते. इथे एक खोच आहे. लॉग फार वाढू नये म्हणून यंत्रणा जुन्या फाइलचे नाव बदलते आणि त्याच नावाची नवी कोरी फाइल सुरू करते. लहान एफ जुन्या फाइललाच चिकटून बसतो. पडदा शांत, आणि मालक समजतो सर्व ठीक आहे! म्हणून मोठ्या लिपीतला एफ वापरावा. तो नाव धरून चालतो व नवी फाइल आपणहून उघडतो.

सगळ्या ओळी वाचणे माणसाचे काम नव्हे. त्यासाठी "ग्रेप" ही चाळणी. टेलच्या पुढे उभी रेघ, म्हणजे पाईप, देऊन ग्रेप आणि हवा तो शब्द लिहावा. आय जोडल्यास लहान-मोठ्या लिपीचा भेद राहत नाही. व्ही जोडल्यास उलट होते, तो शब्द असलेल्या ओळी गळून बाकीच्या राहतात. आमचा अनुभव असा की कचरा आधी व्हीने काढावा, मग कामाचे शोधावे. ग्रेपचा माल पुढे दुसऱ्या प्रोग्रामकडे जात असेल तर तो ओळी साठवून गठ्ठ्याने सोडतो आणि इशारा उशिरा पोहोचतो. "लाइन-बफर्ड" हा पर्याय दिला की ओळ आली तशी पुढे जाते.

यापुढचे काम छोट्या स्क्रिप्टचे : एकेक ओळ वाचायची, "फेल" मोजायचे, 10 मिनिटांत 5 झाले तर मोबाईलवर एक निरोप पाठवायचा. प्रत्येक ओळीला घंटी वाजवली तर दोन दिवसांत नोकर घंटीकडे पाहणे सोडतात. स्क्रिप्ट घरचा शिकलेला मुलगा एका दुपारी लिहील. कोणती ओळ धोक्याची हे मात्र त्याला आपणच सांगायचे.

विंडोजवाल्यांनी पॉवरशेलमध्ये "गेट-कंटेंट"ला "वेट" जोडावे आणि पाईपने "सिलेक्ट-स्ट्रिंग"कडे द्यावे.

गिऱ्हाईकाचा पासवर्ड लॉगमध्ये कधीही उतरू देऊ नये. ती अमानत आहे. लॉगची नक्कल दुसऱ्या यंत्रावर असावी, कारण घुसणारा प्रथम आपल्याच खुणा पुसतो.

कायद्याचेही थोडे. 1 एप्रिल 2023 पासून कंपनी कायद्याखालील कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद, म्हणजे एडिट लॉग, सक्तीची आहे आणि ती बंद करता येऊ नये असा नियम आहे. एकट्याच्या वा भागीदारीच्या पेढीला हा नियम लागू नाही. तरी ज्यांच्या गल्ल्यावर दोन-तीन हात बसतात त्यांनी ती सोय चालू ठेवावी. बिल कोणी, केव्हा बदलले, हे भावाभावांतही विचारण्याची पाळी येते.