पिल्लू एकटे राहायला शिकते

मुलांनो, वाकोल्याच्या चाळींतून दुपारी जा. एखाद्या बंद दारामागून कुत्र्याच्या पिल्लाचे केकाटणे कानी पडते. आईवडील कामावर गेलेले असतात, मुले शाळेत असतात. आत पिल्लू एकटे असते. शेजारच्या खोलीत रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो आणि मधली भिंत पातळ असते. तो चार दिवस सोसतो, मग तक्रार करतो. घरातली माणसे वैतागतात. एके संध्याकाळी पिल्लाला पोत्यात घालून नाल्याकाठी सोडून येतात. पाळलेल्या प्राण्याला असे उपाशी-तहानलेले टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

पिल्लू का रडते? जन्मल्यापासून ते आईच्या कुशीत, भावंडांना बिलगून झोपलेले असते. आई दूर गेली की ते रडून तिला बोलावते. आता ते तुम्हाला बोलावते. म्हणून फार लहान पिल्लू आणूच नये. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे.

आपल्याकडे कित्येक घरांत कुत्रा आत घेत नाहीत. त्याला गॅलरीत किंवा दुकानात राखणीला ठेवतात. जागा कोठेही असो, ती सावलीची व कोरडी हवी. तेथे गोणपाट अंथरावे. पिल्लाला तेथेच खायला द्यावे, म्हणजे ती जागा त्याला आपली वाटू लागते. शटर ओढून लहान पिल्लाला रात्रभर दुकानात कोंडणे मात्र मला मुळीच पटत नाही. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांहून जास्त लघवी धरता येत नाही.

आता सवय कशी लावायची ते पाहू. पिल्लाने खाल्ले, लघवी केली, थोडे खेळले की त्याला जागेवर ठेवा. दाराबाहेर जा आणि दहा आकडे मोजा. ते रडायच्या आत परत या. दुसऱ्या वेळी वीस मोजा. मग एक मिनिट, पाच मिनिटे, अर्धा तास. मध्येच ते रडू लागले, तर तुम्ही फार घाई केली असे समजा व पुन्हा थोड्या वेळावर या. मारू नका. मारल्याने भीती वाढते आणि भ्यालेले पिल्लू अधिकच रडते. जाताना व येताना लाडही करू नका. गुपचूप जा, गुपचूप या. कोणी आठवड्यात शिकते, कोणाला महिना लागतो.

किल्ली वाजली, चपला घातल्या की पिल्लू कासावीस होते, हे तुम्ही पाहिले असेल. रशियाचे शास्त्रज्ञ पावलोव यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवले की, खाणे देण्याआधी नेहमी एकच खूण केली, तर पुढे नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. किल्लीचा आवाज ही पिल्लासाठी तुमच्या जाण्याची खूण होते. ती मोडण्यासाठी दिवसातून पाच-सहा वेळा किल्ली वाजवा, चपला घाला आणि घरातच बसा. वाकोल्यावरून जाणाऱ्या विमानांच्या आवाजाला पिल्लू जसे सरावते, तसेच किल्लीलाही सरावते.

जाताना जड भांड्यात पाणी ठेवा. एका बाईने मांजर कोंडले, त्याला खायला दिले नाही व मोकळेही सोडले नाही, म्हणून तिला शिक्षा झाली, ही हदीस तुम्हाला माहीत आहे. विजेच्या तारा व प्लॅस्टिकच्या पिशव्या उचलून ठेवा. शेजारच्या चाचींना आधीच सांगा, "आठ-दहा दिवस थोडा आवाज होईल, सांभाळून घ्या." बहुतेक वेळा त्याच दुपारी एकदा डोकावून पिल्लाला पाहून येतात.

शब्दार्थ
केकाटणे – दुःखाने मोठ्याने ओरडणे
बिलगणे – घट्ट चिकटणे
गोणपाट – पोत्याचे जाड कापड
कासावीस – बेचैन

स्वाध्याय
१. पिल्लू किल्लीच्या आवाजाला का घाबरते?
२. 'गुपचूप', 'आधीच', 'मुळीच' हे शब्द वापरून वाक्ये लिहा.
३. शेजारी तक्रार करायला आले आहेत. तुमचा व त्यांचा संवाद लिहा.