सुटलेले पोट, ‘टमी टक’ आणि नंतरचे सहा आठवडे

दोन-तीन बाळंतपणे होतात. वजन फारसे वाढलेले नसते, तरी पोट पुढे येते, खाली लोंबते. वस्तीतल्या अनेक भगिनींचा हा अनुभव आहे. साडीत पोट झाकले जाते, पण ‘पुन्हा दिवस गेले का?’ असे विचारणारे विचारतातच. हल्ली मोबाइलवर ‘टमी टक’च्या जाहिराती येतात. पोट एका दिवसात सपाट होईल, पैसे हप्त्याने द्या, असे त्यांत सांगितलेले असते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. शस्त्रक्रिया करा किंवा करू नका, असे आम्ही सांगणार नाही. मात्र ती नेमकी काय आहे आणि तिच्यानंतर घरात काय करावे लागते, हे आधी माहीत असलेच पाहिजे.

पोट का सुटते?

पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात. गर्भ वाढतो तसे ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि त्यांच्यामधला पडदा ताणून पातळ होतो. बाळंतपणानंतर हे अंतर हळूहळू कमी होते, पण काहींच्या बाबतीत फट तशीच राहते. त्वचाही ताणली गेलेली असते. ती पूर्ण आवळत नाही.

याबद्दल काही चुकीच्या समजुती आहेत. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेमुळे पोट सुटत नाही. त्या शस्त्रक्रियेत फक्त गर्भनलिका बंद करतात. पोट त्याआधीच्या गरोदरपणांनी ताणलेले असते. बाळंतिणीने पाणी प्यायले की पोट सुटते, हेही खरे नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईला पाणी जास्त लागते. जुन्या लुगड्याने पोट बांधल्यावर आधार वाटतो, पण त्याने फट सांधली जात नाही.

आधी हर्निया आहे का ते पाहा

पाठीवर झोपा, गुडघे वाकवा आणि डोके थोडे उचला. बेंबीच्या वर-खाली बोटांनी चाचपून पाहा. मधे दोनपेक्षा जास्त बोटे मावत असतील, तर स्नायूंमध्ये फट आहे असे समजावे. ही फट धोक्याची नसते. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेतले, तर अनेकींना फरक पडतो. बाळंतपणानंतर निदान सहा महिने ते वर्षभर शरीराला वेळ द्यावा.

पण खोकताना किंवा वजन उचलताना बेंबीजवळ अथवा सिझेरियनच्या जुन्या टाक्यांजवळ गाठीसारखा फुगवटा येत असेल, तर तो हर्निया असू शकतो. तो शोभेचा प्रश्न नव्हे, आजार आहे. सर्जनला दाखवा. फुगवटा कडक झाला, आत जाईनासा झाला, दुखू लागला आणि उलट्या होऊ लागल्या, तर आतडे अडकलेले असू शकते. त्याच वेळी रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका.

हा फरक पैशांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. हर्नियाची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत होते. केवळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मात्र महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसत नाही. खासगी विमाही सहसा तिचे पैसे देत नाही. आपल्या दुखण्याला योजना लागू आहे का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे.

शस्त्रक्रियेत काय करतात?

‘टमी टक’चे वैद्यकीय नाव अॅब्डोमिनोप्लास्टी. पूर्ण भूल देऊन ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेतात. दूर गेलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात. सैल कातडी व तिच्याखालची चरबी काढून टाकतात. वरची कातडी खाली ओढून शिवतात आणि बेंबीसाठी नवी जागा करतात. याला साधारण दोन ते चार तास लागतात. छेदाची लांब खूण कायम राहते.

वजन कमी करण्याची ही शस्त्रक्रिया नाही. वजन आधी कमी करून निदान सहा महिने स्थिर राहिलेले असावे. पुढे मूल हवे असेल, तर ती लांबणीवर टाकावी. गरोदरपणात पोट पुन्हा ताणले जाते. रक्त कमी असेल किंवा साखर जास्त असेल, तर त्यावर आधी उपचार करावा.

मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी यांबद्दल स्पष्ट सांगतो. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, ओढून शिवलेल्या कातडीला रक्त कमी पडते, जखम भरत नाही आणि कातडी काळी पडून मरू शकते. शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी आणि जखम भरेपर्यंत हे सर्व पूर्ण बंद हवे. डॉक्टरांपासून मिश्री लपवू नका.

घरी आल्यावर

रुग्णालयात साधारण एक-दोन रात्री राहावे लागते. दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे चालवतात, कारण पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. पहिला आठवडा-दीड आठवडा कमरेत वाकूनच चालावे लागते. झोपताना पाठीमागे आणि गुडघ्यांखाली उशा घ्याव्या लागतात.

जखमेतले पाणी बाहेर काढायला बहुधा नळ्या ठेवतात. रोज किती पाणी आले ते मोजून लिहून ठेवायचे. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत नळ्या काढतात. डॉक्टर सांगेपर्यंत अंघोळ नाही. अंग पुसून घ्यायचे. पोटाचा पट्टा साधारण सहा आठवडे वापरावा लागतो.

या सहा आठवड्यांत चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही. पंधरा लिटरच्या हंड्यात पाण्याचेच पंधरा किलो होतात. म्हणजे हंडा नाही, भरलेली बादली नाही, सिलिंडर नाही आणि कडेवर मूलही नाही. जमिनीवरून उठताना पोटावर ताण येतो, म्हणून खाली अंथरूण नको, खाट हवी. पोटमाळ्याच्या शिडीवर चढायचे नाही. उकिडवे बसणे अवघड जाते, तेव्हा सार्वजनिक शौचालयाऐवजी घरी कमोडच्या खुर्चीची सोय आधीच करावी.

घरकाम, सफाई, बांधकाम अशा अंगमेहनतीच्या कामावर सहा ते आठ आठवडे जाता येत नाही. समजा रोज 400 रुपये मिळतात. सहा आठवड्यांतले कामाचे 36 दिवस धरले, तरी 14,400 रुपये बुडाले. हा आकडा दवाखान्याच्या कागदावर कधीच लिहिलेला नसतो.

सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने लागतात. बेंबीखालचा भाग अनेक महिने बधिर राहतो, म्हणून तिथे गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. भाजले तरी कळत नाही. जखमेची खूण फिकट व्हायला वर्ष किंवा जास्तही लागते.

केव्हा घाई करायची?

ताप, जखमेतून पू किंवा दुर्गंधी, टाके उघडणे, कातडी काळी पडणे, पोट एका बाजूला अचानक फुगणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. छातीत दुखले किंवा दम लागला, तर गुठळी फुप्फुसात गेली असण्याची शक्यता असते. त्यात जीव जाऊ शकतो. लगेच 108 ला फोन करा.

होकार देण्यापूर्वी

ही मोठी शस्त्रक्रिया आहे. ब्यूटी पार्लरच्या जोडीने चालणाऱ्या खोलीत ती करून घेऊ नये. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा त्या तोडीची पदवी असलेला, वैद्यक परिषदेत नोंदणी असलेला डॉक्टर हवा. मुंबईत केईएम, शीव, नायर, जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. सल्ल्यासाठी तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जाता येते.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा. मला हर्निया आहे का? व्यायामाने भागेल का? भूलतज्ज्ञ वेगळे असतील का? रात्री काही झाले, तर रुग्णालयात कोण असेल? सांगितलेल्या रकमेत औषधे, पट्टा, तपासण्या आणि गरज पडल्यास दुसरी शस्त्रक्रिया धरली आहे का? असे विचारल्यावर चिडणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नये. व्याजाने पैसे काढून तर मुळीच घाई करू नये. हर्निया नसेल, तर थांबल्याने काही बिघडत नाही.

निर्णय तिचा असावा. कोणाच्या टोमण्याखातर पोटावर सुरी चालवून घेऊ नये, आणि तिला स्वतःला हवे असेल तर कोणी हसू नये. घरच्यांनी मात्र तारीख ठरण्याआधी एकत्र बसून ठरवावे: सहा आठवडे पहाटे नळावर कोण जाईल, स्वयंपाक आणि धुणे कोण करील, मुलांना शाळेत कोण सोडील? प्रत्येक कामापुढे नाव लिहिता आले, तरच तारीख घ्यावी. नावे लिहिता येत नसतील, तर सोय होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलावी.