रेशमावर रंगकाम : मुखेडात बसून खर्च किती?

‘हाताने रंगवलेली प्युअर सिल्क, फक्त दोन हजार’ असं म्हणत कुणी साडी पुढे धरली, तर आधी कापडाचा हिशेब करा. साधं टसर मीटरला सातशे धरलं, तरी ब्लाउज पीससकट सव्वासहा मीटरचे ४,३७५ रुपये होतात, आणि अजून ब्रशही उचललेला नाही. दोन हजारांत मिळतं ते आर्ट सिल्क, म्हणजे बहुधा पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस. त्यावरही छान रंगवता येतं, फक्त भाव रेशमाचा देऊ नका.

खात्रीसाठी काठाचा एक धागा काढून जाळा. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, व्हिस्कोसला कागद जळल्याचा वास येतो. सिल्क मार्कचं लेबल असेल तर उत्तमच. मराठवाड्यात तुती लावून कोष काढणारे शेतकरी आता पुष्कळ आहेत, जालन्याला कोषांचा बाजारही भरतो. तरी रंगवायला लागणारं कापड मात्र आपल्याला दुकानातूनच, बाहेरून आलेलं, घ्यावं लागतं.

पहिल्यांदा हात घालणार असाल तर साडी नको, ब्लाउज पीस घ्या. पुढचे भाव अंदाजाचे आहेत, दुकानागणिक थोडे कमी-जास्त होतील. ऐंशी सेंटिमीटर टसर सहाशेच्या आत, कपड्यावरच्या ॲक्रिलिक रंगांच्या सहा छोट्या बाटल्या दोनशे, दोन-तीन ब्रश दीडशे, आउटलायनरचा कोन ऐंशी, भरतकामाची मोठी रिंग शंभर. एकूण अकराशे-साडेअकराशे. दुसऱ्या पिसाला कापडाखेरीज फारसं काही लागत नाही, कारण बाटलीतला रंग बराच उरतो. हे रंग स्टेशनरीच्या दुकानातही मिळतात. कापड निवडायला नांदेडला वजिराबादेत चक्कर मारायची असेल, तर महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तेवढ्यात आणखी दोन बाटल्या येतात.

कापड आधी सौम्य साबणाने धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. खळ राहिली तर रंग वर तरंगतो. रंगात पाणी जास्त घालू नका, पातळ करायला त्याचंच मीडियम वापरा, नाहीतर धुण्यात रंग सुटतो. थर जाड झाला की कापड ताठ होतं आणि रेशमाची झुळझुळ जाते. म्हणूनच ॲक्रिलिकने बुट्टी, वेल, वारलीची माणसं एवढंच काढावं. अख्खा पदर भरू नये, असं माझं स्पष्ट मत. दुसऱ्या दिवशी उलट बाजूने, मध्यम आचेवर इस्त्री करा. त्यानंतर तीन दिवस पाणी लावू नका.

पदरभर रंग पसरलेला, तरी हाताला मऊ लागणारा हवा असेल तर पद्धतच वेगळी. कापड चौकटीवर ताणायचं, गट्टा नावाच्या पदार्थाने रेघांची बंदिस्त कुंपणं घालायची आणि आत पाण्यासारखा पातळ रंग सोडायचा. तो कापडात आपोआप पसरतो आणि रेघेपाशी थांबतो. रेघेत सुईएवढी फट राहिली तरी गुलाबी पाकळी हिरव्या पानात शिरते. ओल्या रंगावर खडे मीठ टाकलं की ठिपक्यांची सुंदर नक्षी उमटते, तिला खर्च शून्य. खर्च येतो तो रंग पक्का करायला. हे रंग बहुतेक ऑनलाइन मागवावे लागतात. वाफेवर पक्के होणारे असतील तर कापड कागदात गुंडाळून तास-दोन तास वाफ द्यावी लागते. वाफेच्या पाण्याचा एक थेंब पडला की डाग कायमचा. ब्लाउज पीस घरच्या मोठ्या पातेल्यात जमतो. साडी जमवायच्या नादी लागू नका. इस्त्रीने पक्के होणारे रंगही मिळतात, मागवताना बाटलीवरची सूचना वाचून घ्या.

काम करून घ्यायचं असेल तर मजुरी तासावर विचारा. पदर आणि विरळ बुट्ट्या असं वीस तासांचं काम, तासाला साठ धरले तर बाराशे. वर कापडाचे ४,३७५ आणि रंगाचे पाचशे मिळून सहा हजारांवर जातं. यात घासाघीस केली की कपात मजुरीतच होते, कारण कापडाचा भाव रंगवणाऱ्या बाईच्या हातात नसतो. आगाऊ रक्कम कापडापुरती द्या, नमुन्याच्या तुकड्यावर तोच रंग लावून धुऊन दाखवायला सांगा, आणि फॉल-पिको कुणाकडे ते आधीच ठरवा.