चित्रकार पाहिजे, पैसे नंतर

पुण्यातल्या एका कला महाविद्यालयाच्या फळ्यावर मी एकदा चिठ्ठी लावली होती : ‘कॉम्प्युटर गेमसाठी चित्रकार पाहिजे. पैसे गेम चालल्यावर. नाव नक्की होईल.’ आठवड्याने बघायला गेलो, तर खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘प्रोग्रामर पाहिजे. पैसे चित्र विकल्यावर.’ सहीच्या जागी एक छोटा उंदीर. उंदीर इतका सुरेख होता की तो काढणाऱ्याचा मी दोन दिवस शोध घेतला. सापडला नाही.

गेम रात्रीच्या एसटीचा. खेळणारा कंडक्टर. पुण्याहून सुटलेली गाडी पहाटे कुडाळला पोचेपर्यंत माणसं चढतात, उतरतात. प्रत्येकाची एक गोष्ट, आणि ती ऐकत बसायची की तिकिटं फाडायची हे कंडक्टरने ठरवायचं. दिवसा नोकरी, रात्री हा उद्योग. कोड मला येतो. चित्रांचं म्हणाल, तर मी काढलेली बस बघून बायको म्हणाली होती, “फ्रिज छान आलाय.” तेव्हा चित्रकार शोधणं भाग होतं. त्यात तीन वर्षं गेली. जे कळलं ते असं.

१. पैसे कमी असतील तर गेम लहान करावा, चित्रकाराचे पैसे नव्हे.

‘नफ्यात निम्मा वाटा’ हे ऐकायला फार उदार वाटतं. मीही ते चार जणांना ऐकवलं. त्यातल्या एकीने शांतपणे विचारलं, “निम्मा कशाचा?” स्टीमवर गेम ठेवायचा तर आधी १०० डॉलर भरायचे, मग प्रत्येक विक्रीतले साधारण ३० टक्के ते दुकान ठेवून घेणार, कर वेगळा, संगीताचा खर्च वेगळा. हिशेब मांडत गेलो आणि ध्यानात आलं, की न पेरलेल्या शेतातली अर्धी ज्वारी मी तिला देऊ करतोय आणि नांगरट मात्र आजच मागतोय. ती नाही म्हणाली. बरोबरच केलं.

मग चाळीस प्रवाशांचे बावीस केले, तीन रात्रींची एक रात्र केली. जमवलेल्या पैशांत तेवढंच बसत होतं. चित्रामागे ठरलेले पैसे, काम मिळाल्यावर आठ दिवसांत, आणि वर जमलाच तर वाटा. हा क्रम मी पुन्हा कधी उलटा केला नाही.

२. गेम आधी कुरूप बनवावा.

सुरुवातीला मी लोकांना चाळीस पानांचा आराखडा पाठवायचो. कुणी वाचला नाही. मीही वाचला नसता. पुढे बसऐवजी लांबट चौकोन आणि माणसांऐवजी रंगीत चौकोन टाकून पंधरा मिनिटं खेळता येईल असं काहीतरी बनवलं. तेव्हा पहिल्यांदा एका चित्रकाराचा आपणहून फोन आला : “तो निळा चौकोन घाटात उतरून जातो, त्याचं पुढे काय होतं?”

यात मी काही नवं शोधलेलं नाही. जोनाथन ब्लो यांच्या ‘ब्रेड’ या गेमला (पावाशी संबंध नाही, वेणीशी आहे) २००६ मध्ये डिझाइनचं पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यातली चित्रं कामचलाऊ होती. डेव्हिड हेलमन नंतर आले, तेही कॉमिक्स काढणारे. २००८ मध्ये गेम बाहेर पडला तो त्यांच्या जलरंगी वाटणाऱ्या चित्रांसकट.

३. ‘गेम आर्टिस्ट’ शोधत बसू नये.

माझं पहिलं वर्ष आर्टस्टेशन नावाच्या साइटवर गेलं. काय एकेकाचा हात! चिलखतं, तलवारी, जळते किल्ले, ड्रॅगनच्या पाठीवरचा एकेक खवला. पण त्या शेकडो चित्रांत दमलेलं माणूस एकही नव्हतं, आणि माझ्या गेममधले सगळेच दमलेले होते.

सापडलं ते एका दिवाळी अंकात. कथा काही आठवत नाही. कथेच्या शेवटी काळ्या शाईतलं, दोन बोटं मावतील एवढं चित्र होतं : खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपलेली बाई, मांडीवर पिशवी, पिशवीचे बंद मनगटाभोवती गुंडाळलेले. कोपऱ्यातली सही लागत नव्हती. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, “हां, त्या साताऱ्याच्या. चित्रकलेच्या बाई होत्या शाळेत, आता निवृत्त आहेत.”

(एक सूचना : अशा लोकांना ऐन पावसाळ्यात फोन करू नये. सगळ्या दिवाळी अंकांची चित्रं त्याच दिवसांत त्यांच्या मानगुटीवर असतात. मी ऑगस्टमध्ये केला होता. बाईंनी मला सरळ नोव्हेंबर दिला.)

बाईंनी जन्मात पत्त्यांच्या सॉलिटेअरपलीकडे कॉम्प्युटरवर काही खेळलेलं नव्हतं. मी चौकोनांचा गेम लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो पूर्ण खेळला आणि विचारलं, “ह्यांना तोंडं कधी द्यायची?”

४. आधी एक लहान काम, पैसे देऊन. आणि त्यात चित्राबरोबर दुरुस्तीही बघावी.

हे मी बाईंच्या आधी एका मुलाकडून शिकलो. हात देखणा. तीन आठवड्यांत त्याने एक बस काढली. मी म्हटलं, “मस्त आहे, फक्त जरा जान आण.” त्याने पुन्हा काढली. मी म्हटलं, “अजून थोडी वेगळी.” त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही. बरेच दिवस मी हा किस्सा ‘हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही’ या मथळ्याखाली सांगत असे. खरं तर त्या मुलाला काय करायचं हे मी सांगितलंच नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. ‘जान आण’ ही काही सूचना नव्हे. ‘म्हातारा तिकिटाचे पैसे लपवतोय हे खेळणाऱ्याला तो बोलायच्या आधी कळलं पाहिजे’ ही सूचना. बाईंना हे वाक्य सांगितलं, तर त्यांनी चेहऱ्याला हात न लावता फक्त म्हाताऱ्याची मूठ बदलली.

५. चित्रकाराला नुसती यादी देऊ नये, अडचण सांगावी.

माझी यादी तयार होती. माणूस चालताना दाखवायचा तर एका दिशेला आठ चित्रं. दिशा आठ. म्हणजे माणशी चौसष्ट. डावीकडची चित्रं आरशासारखी उलटवून उजवीकडे वापरली तरी चाळीस. गुणिले बावीस प्रवासी, म्हणजे ८८०. आकडा सांगताना माझाच आवाज बारीक झाला.

बाई म्हणाल्या, “अरे, पण एसटीत माणसं चालतात कुठे? बसतात ना?”

दीड वर्ष मी त्या गेमवर बसलो होतो आणि हे मला सुचलं नव्हतं. दुसरे गेम खेळून माझं डोकं तयार झालेलं, आणि त्यांत सगळे चालतात म्हणून माझेही चालत होते. आता चालतो तो फक्त कंडक्टर, तोही मधल्या बोळातून पुढे आणि मागे. बाकीचे चढले की पडदा काळा, उजेड आला की जागेवर. वाचलेली सगळी मेहनत बाईंनी बसलेल्या माणसांत घातली : पेंगणं, सरकून जागा देणं, न देणं.

हालचालीचा तोडगाही त्यांचाच. शाळेची सहल घेऊन त्या कधीतरी कुडाळजवळच्या पिंगुळीला गेल्या होत्या. तिथे चित्रकथीबरोबर चामड्याच्या बाहुल्यांचाही खेळ चालतो. बाहुलीचा हात वेगळा कापून दोऱ्याने जोडलेला असतो हे त्यांनी तेव्हा बघून ठेवलं होतं. मग त्यांनी कंडक्टरचं धड, मान, दोन्ही हात वेगवेगळ्या कागदांवर काढून दिले. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते स्कॅन करून, कडा साफ करून, सांधे जोडून दिले. (पुण्यातच तयार झालेल्या २०२०च्या ‘राजी’ या गेममध्येही गोष्टीचा काही भाग छायाबाहुल्यांच्या ढंगात सांगितला आहे. बाईंना दाखवला. “चांगलंय की,” म्हणाल्या.)

आणि ती दोरी. गाडी निघण्यासाठी मी पडद्यावर ‘पुढे’ असं बटण ठेवलं होतं. बाईंनी पाठवलेल्या बसच्या आतल्या चित्रात छताखालून घंटीची दोरी गेली होती. बटण कुठे ठेवायचं म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, “कसलं बटण? डबल बेल दे.” आता खेळणारा दोरी दोनदा ओढतो, गाडी सुटते. एकदा ओढली की थांबते. ज्यांनी ज्यांनी गेम खेळून पाहिला, त्यांनी पहिल्यांदा त्या दोरीबद्दलच सांगितलं. ती माझ्या यादीत नव्हती.

६. कागद करावा, विशेषतः माणूस चांगला असेल तर.

“आपल्यात कसले कागद,” बाई म्हणाल्या. मलाही संकोच वाटत होता. पण १९५७चा कॉपीराइट कायदा संकोच ओळखत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगभर विकायच्या गेमला हे दोन्ही परवडणारं नाही. मराठीत दोन पानं केली. चित्रं गेममध्ये आणि त्याच्या जाहिरातीत वापरायचा हक्क माझा, मूळ कागद बाईंचे, त्यांच्या छापील प्रती विकायचा हक्कही बाईंचाच. काम मध्येच थांबलं तर झालेल्या चित्रांचे पूर्ण पैसे. हे शेवटचं कलम माझ्या बायकोने घालायला लावलं.

७. वेळापत्रकात मोतीबिंदूची जागा ठेवावी.

आधी डावा डोळा, मग उजवा. अडीच महिने.

८. नाव कुठे टाकायचं, हे आधी विचारावं.

मी मोठ्या तोऱ्यात सुरुवातीच्या पडद्यावर बाईंचं नाव माझ्या नावाच्या वर टाकलं होतं. त्यांनी ते काढायला लावलं. म्हणाल्या, चित्राच्या कोपऱ्यात सही असते तशी ठेव, बघणारा बघतो. तशी ठेवली आहे. लागत नाही, पण आहे.

गेल्या महिन्यात त्या विद्यार्थ्याला घेऊन बाई पुण्याला आल्या आणि पहिल्यांदाच सगळा गेम सलग खेळल्या. कात्रजपर्यंत व्यवस्थित गेल्या. पुढे एका थांब्यावर गाडी उभी केली ती केलीच. मला वाटलं काही अडकलं. बघतो तर खिडकीशी ती झोपलेली बाई, दिवाळी अंकातलीच, मनगटाला पिशवीचे बंद.

“हिचं गाव आलं,” बाई म्हणाल्या. “उठवायचं कुठून?”

उठवायची सोय मी केलेली नव्हती.

“मग कर की,” म्हणाल्या, आणि दोरीवरचा हात काढून चहाचा कप उचलला.