तांबड्या पाषाणांच्या मरुभूमीत पदभ्रमण

प्रश्न : आम्ही साठीतील पतिपत्नी जूनमध्ये अमेरिकेत मुलीकडे जात आहोत. यूटा राज्यातील तांबड्या खडकांच्या प्रदेशात पायी हिंडण्याची इच्छा आहे. बेत कसा आखावा?

उत्तर : आपण सह्याद्रीत पुष्कळ हिंडला असलात, तरी जेथे जूनअखेर मृगधारांऐवजी प्रखर उन्हाचा अंमल असतो आणि पारा ३८ अंशांपलीकडे सहज जातो, तेथील ऋतुमान सर्वथा निराळे आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे, म्हणून शक्य असल्यास हा प्रवास ऑक्टोबरावर ढकलावा. मुक्काम मोआब गावी ठेवल्यास आर्चेस राष्ट्रीय उद्यान अगदी जवळ पडते. तेथील ‘डेलिकेट आर्च’ या नैसर्गिक कमानीची वाट जाऊनयेऊन सुमारे ४.८ किलोमीटरांचीच आहे. परंतु त्या चढत्या, उघड्या खडकावर सावलीचा आसरा जवळजवळ नसल्यामुळे, जूनमध्येच जाणे भाग पडले तर पहाटे निघून ऊन चढण्याच्या आत परतावे आणि माणशी निदान २ लिटर पाणी बाळगावे. ‘फायरी फर्नेस’ या चक्रव्यूहासारख्या भागात परवान्यावाचून वा उद्यानाच्या मार्गदर्शकावाचून प्रवेश नाही. त्याची तजवीज आगाऊ करावी. जुलै ते सप्टेंबर या काळात दूरच्या सरीनेही कोरड्या घळींत अकस्मात लोंढा येतो, याची खबरदारी असावी. वाटेलगतची काळपट, खरबरीत माती सूक्ष्मजीवांनी बांधलेली असून एका पावलाने झालेली तिची हानी भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात. यास्तव आखलेली वाट सोडू नये. प्रवेशाचे चालू नियम निघण्यापूर्वी उद्यानाच्या कचेरीकडून अवश्य पडताळावेत.